जोत्याची उंची आणि पुराचे पाणी : वजन वाढते ते रक्तामुळे की राहणीमुळे?

फेब्रुवारी 2025 मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये लठ्ठपणाचा विषय काढला आणि प्रत्येकाने खाद्यतेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करावा असे आवाहन केले. पुढच्याच महिन्यात वजन उतरवणारे मौंजारो हे इंजेक्शन भारतात विक्रीला आले, आणि जूनमध्ये वेगोव्ही आले. दोन्ही बातम्या एकाच विषयाच्या असल्या तरी त्यांच्या पोटात दोन वेगळी उत्तरे दडलेली आहेत. तेल कमी करा, असे सांगताना वजन हे आपल्या सवयींचे फळ आहे असे धरलेले असते. इंजेक्शन घ्या, असे सांगताना ते शरीरातल्या रसायनांचे काम आहे असे धरलेले असते. वाचणाऱ्याने मग काय समजायचे?

हा वाद घरोघरी जुनाच आहे. आमच्या शेजारी दोन सख्खे भाऊ राहतात. रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे पोह्यांना असलो की तेच दृश्य पाहतो : थोरला एक बशी संपवता संपवता दोन घास तसेच ठेवून उठतो आणि वर्तमानपत्र उघडतो, धाकट्याची बशी रिकामी होते, त्याचे बोलणे चालू राहते, पण नजर कढईकडे जाते आणि थोड्या वेळाने हातही. एकच आई, एकच कढई, लहानपणापासून एकच डबा. थोरला काडीसारखा, धाकटा भरलेला. त्यांची आई म्हणते, “याच्या अंगी लागतच नाही, आणि त्याच्या बघता बघता लागतं.” नातेवाईक मात्र धाकट्याला तोंडावर ताबा ठेवायला सांगतात. आईचे म्हणणे खरे की नातेवाइकांचे, हा प्रश्न गेली चाळीस वर्षे शास्त्रज्ञांनी अतिशय चिकाटीने सोडवत आणला आहे, आणि त्याचे उत्तर प्रत्येकाला कळावे असे मला मनापासून वाटते, कारण ते न कळल्यामुळे अनेक माणसे विनाकारण अपराधी वाटून घेत जगतात.

आधी साधा हिशेब

खाल्लेल्या अन्नातून मिळणारी ऊर्जा आणि शरीराने खर्च केलेली ऊर्जा यांचा मेळ बसला नाही, तर उरलेली ऊर्जा चरबीच्या रूपाने साठते. ही ऊर्जा आपण कॅलरींमध्ये मोजतो. वजन उंचीच्या मानाने किती आहे हे पाहण्यासाठी किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागतात. या आकड्याला बीएमआय म्हणतात. जगभर 25 च्या पुढे वजन जास्त आणि 30 च्या पुढे लठ्ठपणा मानतात, तर भारतीय डॉक्टर आपल्यासाठी 23 आणि 25 या खालच्या रेषा वापरतात. त्या खाली का आणाव्या लागल्या, हे पुढे येईलच.

साठवणुकीच्या हिशेबात एक बारकावा आहे. रोज थोडे जादा खाल्ले तर वजन वर्षानुवर्षे वाढतच जाईल असे आपण धरून चालतो, पण तसे होत नाही. वजन वाढले की ते शरीर चालवायलाही जास्त ऊर्जा लागते, आणि एका टप्प्यावर जमाखर्च पुन्हा जुळतो. शरीराच्या गणिती प्रतिरूपांवरून असे दिसते की रोजच्या खाण्यात कायमची सुमारे 24 कॅलरींची भर पडली, तर वजन शेवटी साधारण एक किलोने वाढून स्थिरावते. त्यातले निम्मे पहिल्या वर्षात वाढते आणि बाकीचे बहुतेक पुढच्या दोन वर्षांत. म्हणजे दहा किलो वजन वाढायला रोज सुमारे 240 कॅलरी जास्त लागतात. दुपारच्या चहाबरोबर वाटीभर फरसाण रोज खाल्ले तरी एवढ्या कॅलरी होतात. इतकी भर पोटाला जाणवत नाही, आणि ती कोणाला जाणवते व कोणाला जाणवत नाही, इथेच आपल्या प्रश्नाची किल्ली आहे.

दत्तक मुले आणि जुळी भावंडे

घरात सगळेच अंगाने भरलेले असले की आपण सहज म्हणतो, खाण तशी माती. पण एका घरातली माणसे रक्ताबरोबर स्वयंपाकघरही वाटून घेतात, त्यामुळे कुटुंबाकडे नुसते पाहून काही सिद्ध होत नाही. रक्त आणि स्वयंपाकघर वेगळे करायचे असेल तर दत्तक गेलेल्या मुलांकडे पाहावे लागते. डेन्मार्कमध्ये दत्तकविधानांच्या नोंदी बारकाईने ठेवलेल्या होत्या. त्यांतील 540 दत्तक व्यक्तींचा अभ्यास 1986 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची अंगकाठी जन्मदात्या आईवडिलांच्या अंगकाठीशी जुळत होती. ज्यांनी त्यांना वाढवले, जेवू घातले, त्यांच्या अंगकाठीशी तिचा काहीच संबंध दिसला नाही. चार वर्षांनी स्वीडनमधील जुळ्यांचा अभ्यास आला. त्यात वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या 93 जोड्या होत्या, आणि वेगळ्या घरांत वाढूनही त्यांचे बीएमआय एकमेकांशी फार जवळून जुळत होते. अशा अभ्यासांवरून लोकांच्या बीएमआयमधील फरकांत आनुवंशिकतेचा वाटा 40 ते 70 टक्के आहे असे सांगितले जाते.

याच सुमारास कॅनडातील क्वेबेकमध्ये क्लोद बुशार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. एकसारख्या जुळ्या तरुणांच्या बारा जोड्या त्यांनी शंभर दिवस आपल्या देखरेखीखाली ठेवल्या आणि त्यांतील 84 दिवस प्रत्येकाला त्याच्या गरजेपेक्षा रोज 1000 कॅलरी जास्त खाऊ घातल्या. सगळ्यांना सारखीच भर, आणि व्यायाम कोणालाच नाही. शेवटी सरासरी वजन 8.1 किलोने वाढले, पण एकाचे 4.3 किलोने तर दुसऱ्याचे 13.3 किलोने. या प्रयोगातील मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट अशी की एका जोडीतल्या दोघांचे वजन बरेचसे सारखे वाढले, आणि जोडी-जोडीतला फरक जोडीच्या आतल्या फरकापेक्षा सुमारे तिप्पट होता. आपण ज्याला ‘अंगी लागणे’ म्हणतो, ते इथे वजनकाट्यावर दिसले.

अंगी न लागण्यामागचे एक कारण 1999 मध्ये सापडले. अमेरिकेत सोळा जणांना आठ आठवडे रोज 1000 कॅलरी जास्त दिल्या, तेव्हा कोणाच्या अंगावर अवघी 0.36 किलो चरबी चढली तर कोणाच्या अंगावर 4.23 किलो. ज्यांच्या अंगी कमी लागले, त्यांच्या नकळत हालचाली वाढल्या होत्या : उठबस, उभे राहणे, बसल्या जागी चुळबुळ. त्यांनी ठरवून काही केलेले नव्हते. त्यांच्या शरीराने जादा ऊर्जा परस्पर उधळून टाकली होती.

सत्तर टक्के म्हणजे काय, आणि काय नव्हे

‘लठ्ठपणा सत्तर टक्के आनुवंशिक असतो’ असे वाक्य वाचले की माणूस मनात हिशेब करतो : माझे वजन नव्वद किलो, म्हणजे त्रेसष्ट किलो आजोबांकडून आले आणि सत्तावीस किलो माझ्या खाण्यातून. हा अर्थ साफ चुकीचा आहे. भाकरीत पिठाचे श्रेय किती टक्के आणि पाण्याचे किती, असे कोणी विचारत नाही; दोन्हींशिवाय भाकरीच होत नाही. टक्केवारीत सांगितला जाणारा आनुवंशिकतेचा वाटा एका माणसाच्या वजनाविषयी काहीच सांगत नाही. एका विशिष्ट ठिकाणी, एका विशिष्ट काळात राहणाऱ्या लोकांमध्ये जे फरक दिसतात, त्यांतील किती फरक त्यांच्या जनुकांमधील फरकांमुळे आहेत, एवढेच तो सांगतो. जनुक म्हणजे आईवडिलांकडून आलेली, शरीरातील प्रथिने कशी आणि केव्हा घडवायची याची लिखित सूचना. अशा सुमारे वीस हजार सूचना आपल्या प्रत्येक पेशीत असतात.

हे नीट समजण्यासाठी नदीकाठच्या वस्तीकडे पाहावे. पंचगंगेला पूर आला की कोणाच्या घरात पाणी आधी शिरेल, हे त्या घराच्या जोत्याच्या उंचीवर ठरते. ज्याचे जोते खाली, त्याच्या घरात गुडघाभर पाणी. ज्याचे हातभर वर, त्याचा उंबरा कोरडा. त्या दिवशी मोजदाद केली तर घराघरांतील फरकाचे बहुतेक कारण जोत्याची उंची हेच निघेल. पण म्हणून पूर जोत्यामुळे आला असे कोणी म्हणणार नाही. पूर आला तो पावसामुळे आणि धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे. ज्या वर्षी पूरच येत नाही, त्या वर्षी जोत्याची उंची कोणाच्या लक्षातही राहत नाही. आपली जनुके म्हणजे जोते आहे. आपल्याभोवतीचे अन्न, काम, झोप, रस्ते, बाजार हे सारे म्हणजे पाण्याची पातळी.

पाणी किती वेगाने चढले

भारतात पाणी चढले, याचा पुरावा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आहे. 2005-06 मध्ये देशातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 12.6 टक्क्यांचा बीएमआय 25 किंवा त्याहून जास्त होता; 2015-16 मध्ये हे प्रमाण 20.6 टक्के झाले आणि 2019-21 मध्ये 24 टक्के. पुरुषांमध्ये ते 9.3 टक्क्यांवरून 22.9 टक्क्यांवर गेले. पंधरा वर्षांत माणसांची जनुके बदलत नाहीत. तेवढ्या काळात एक पिढीसुद्धा धड पुरी होत नाही. जे बदलले ते जनुकांच्या बाहेरचे होते.

एकाच रक्ताची माणसे दोन पाण्यांत कशी वेगळी होतात, हे पिमा लोकांत दिसते. हे मूळ अमेरिकी लोक काही अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात राहतात आणि काही सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगराळ भागात. मेक्सिकोतले पिमा हाताने शेती करत, कष्टाची कामे करत आणि साधे जेवत. ॲरिझोनातले आधुनिक अमेरिकी बाजाराच्या मध्यभागी होते. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत मेक्सिकोतल्या पिमांचे वजन ॲरिझोनातल्या आपल्याच भाऊबंदांपेक्षा सरासरी 26 किलोंनी कमी निघाले. पुढच्या अभ्यासात मधुमेहाचे प्रमाण ॲरिझोनात 38 टक्के आणि मेक्सिकोत सात टक्क्यांच्या आत आढळले. ॲरिझोनातील पिमांमध्ये लठ्ठपणा इतका जास्त होता की अनेक वर्षे त्यांचे उदाहरण ‘जनुकांचा दोष’ म्हणून दिले जाई. जोते खाली होते हे खरेच, पण डोंगरातल्या घरांत पाणी पोहोचलेच नव्हते.

या दोन्ही गोष्टी एकत्र तपासणारा, म्हणून मला सर्वांत मोलाचा वाटणारा अभ्यास नॉर्वेतून 2019 मध्ये आला. सुमारे एक लाख एकोणीस हजार लोकांची वजने 1960 च्या दशकापासून नोंदलेली होती, आणि त्यांपैकी अनेकांच्या जनुकांची तपासणी करून वजन वाढण्याचा कल कोणाचा जास्त व कोणाचा कमी, हे ठरवता आले होते. 35 वर्षांच्या पुरुषांमध्ये सर्वाधिक कल असलेला पाचवा हिस्सा आणि सर्वांत कमी कल असलेला पाचवा हिस्सा यांच्या बीएमआयमधील अंतर 1960 च्या दशकात 1.20 होते, 2000 च्या दशकात ते 2.09 झाले. वजन मात्र दोन्ही गटांचे वाढले. याचा अर्थ असा की पाणी सगळ्यांच्याच घरात चढले, आणि खालच्या जोत्यांच्या घरात जास्त चढले. वातावरण बिघडते तेव्हा आनुवंशिकतेचा प्रभाव कमी होत नाही, उलट तो अधिक उघडा पडतो. ‘रक्तामुळे की राहणीमुळे’ या प्रश्नातला ‘की’ हाच मुळात चुकीचा आहे.

मग ही जनुके करतात तरी काय?

जनुकांमुळे अन्न जळण्याचा वेग मंद होतो, असा सर्वसाधारण समज आहे. संशोधन मात्र बऱ्याच अंशी दुसरीकडे, मेंदूकडे बोट दाखवते. 1994 मध्ये न्यूयॉर्कमधील रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने एका संप्रेरकाचा शोध लावला. चरबीच्या पेशी ते रक्तात सोडतात आणि ‘साठा पुरेसा आहे’ असा निरोप मेंदूला देतात. त्याला लेप्टिन म्हणतात. तीन वर्षांनी केंब्रिजमधील डॉक्टरांना पाकिस्तानी वंशाची दोन चुलत भावंडे आढळली, ज्यांच्या शरीरात लेप्टिन तयारच होत नव्हते. आठ वर्षांच्या मुलीचे वजन 86 किलो होते आणि दोन वर्षांच्या मुलाचे 29 किलो. या मुलांची भूक कधीच शमत नसे. मेंदूच्या लेखी ती सतत उपाशी होती. मुलीला रोज लेप्टिनचे इंजेक्शन सुरू केल्यावर तिची भूक ओसरली आणि एका वर्षात सुमारे सोळा किलो वजन उतरले. त्या मुलीला आधी कोणी खादाड म्हटले असेल, तर तो केवढा अन्याय होता याचा विचार करावा.

एकाच जनुकातील अशा मोठ्या दोषामुळे होणारा लठ्ठपणा फार विरळा आहे. बहुतेकांच्या बाबतीत शेकडो जनुकांमधील बारीकसारीक फरक एकत्र येतात. त्यांतील सर्वांत ठळक फरक 2007 मध्ये एफटीओ या जनुकाच्या परिसरात सापडला. युरोपीय वंशाच्या सुमारे 16 टक्के प्रौढांमध्ये तो आई आणि वडील दोघांकडूनही आलेला असतो, आणि अशांचे वजन तो अजिबात नसलेल्यांपेक्षा सरासरी तीन किलोंनी जास्त असते. सर्वांत ठळक फरकाचे वजन अवघे तीन किलो! बाकीच्यांचे त्याहूनही कमी. पण असे असंख्य फरक एका माणसात एकाच बाजूला झुकले की जोते खाली जाते. आणि हे फरक मोठ्या प्रमाणावर मेंदूच्या त्या भागांशी निगडित आहेत जिथे भूक, तृप्ती आणि खाण्यातले सुख ठरते.

म्हणजे धाकट्याची नजर कढईकडे जाते, ती त्याच्या चारित्र्यातील खोट नव्हे. ‘पुरे’ हा निरोप त्याच्या मेंदूला उशिरा आणि हळू आवाजात पोहोचतो. थोरल्याचा संयम मोठा आहे असेही नाही. त्याला दोन घास ठेवून उठण्यासाठी काही सोसावेच लागत नाही.

पुण्याजवळची सहा गावे

इथवरचे बहुतेक संशोधन गोऱ्या लोकांवरचे आहे. आपल्या शरीराची गोष्ट काहीशी निराळी आहे आणि ती पुण्यातच उलगडली.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर होण्याआधीपासून स्त्रियांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. या स्त्रियांचे वजन सरासरी 42 किलोच्या आसपास आणि उंची सुमारे 152 सेंटीमीटर होती. त्या शेतात राबत, पाणी वाहत, घर सांभाळत. त्यांची बाळे जन्मली की त्यांची मोजमापे घेतली गेली : वजन, लांबी, डोक्याचा व दंडाचा घेर, आणि पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली कातडीची चिमूट पकडून तिची जाडी. बाळांचे वजन सरासरी 2.7 किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. आपली बाळे सगळ्याच मापांत लहान होती. दंड बारीक, पोट लहान, स्नायू कमी. पण पाठीवरच्या त्या चिमटीची जाडी जवळजवळ गोऱ्या बाळांइतकीच होती. हाडामांसाने किरकोळ असलेल्या बाळाने चरबी मात्र जपून ठेवली होती. डॉ. याज्ञिकांनी यालाच भारतीयांची ‘बारीक पण चरबीयुक्त’ ठेवण म्हटले.

2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी-शेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय 22.3. दिसायला दोघेही सडपातळ. युडकिन यांच्या शरीरातील चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरातील 21.2 टक्के. बीएमआयच्या भारतीय रेषा खाली का आणल्या, याचे उत्तर या एका छायाचित्रात आहे. आपल्याला मधुमेह कमी वजनावर आणि कमी वयात गाठतो, त्यात या ठेवणीचा मोठा हात आहे.

आता ही ठेवण आनुवंशिक म्हणायची का? काही अंशी असेलही. परंतु याच गावांतील मुले सहा वर्षांची झाली तेव्हा असे दिसले की ज्या मातांना गरोदरपणी ब 12 जीवनसत्त्वाची कमतरता होती आणि रक्तात फोलेटचे प्रमाण जास्त होते, त्यांच्या मुलांची शरीरे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला कमी दाद देत होती. आईच्या पोटात असताना मिळालेले, न मिळालेले अन्न ही ना मुलाची जनुके, ना त्याची जीवनशैली. आपल्या वादात या तिसऱ्या गोष्टीला जागाच नसते. मुलाच्या वजनाची काळजी त्याच्या शाळेच्या डब्यापासून नव्हे, तर त्याची आई स्वतः मुलगी होती तेव्हाच्या तिच्या ताटापासून सुरू व्हायला हवी, असे माझे ठाम मत या गावांच्या अभ्यासानंतर झाले आहे.

‘मी तर पाणी प्यायले तरी जाड होते’

हे वाक्य बोलणारी व्यक्ती खोटे बोलत नसते, पण तिचा अंदाज चुकत असतो. 1992 मध्ये न्यूयॉर्कमधील संशोधकांनी ‘कितीही कमी खाल्ले तरी वजन उतरत नाही’ असे सांगणाऱ्या दहा जणांचा प्रत्यक्ष ऊर्जाखर्च मोजला. त्यांचे शरीर नेहमीसारखीच ऊर्जा खर्च करत होते. आपण खाल्लेले मात्र ते सरासरी 47 टक्क्यांनी कमी सांगत होते, आणि केलेले श्रम 51 टक्क्यांनी जास्त. स्वयंपाक करताना चाखलेली भाजी, मुलांच्या ताटात उरलेला घास, उपासाच्या दिवशीची साबुदाण्याची खिचडी ही ‘जेवण’ म्हणून लक्षातच राहत नाहीत. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले असेल तर वजन काही किलोंनी वाढते आणि ते तपासून घ्यावे. पण वीस-पंचवीस किलोंचे ओझे बहुधा एकट्या थायरॉइडचे नसते.

चाळिशीनंतर शरीराचा ऊर्जाखर्च मंदावतो, हाही असाच लाडका समज आहे. 29 देशांतील सहा हजारांहून अधिक लोकांची मोजमापे एकत्र करून 2021 मध्ये जो निष्कर्ष आला, त्यानुसार शरीराचे आकारमान जमेस धरले तर हा खर्च विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत जवळजवळ सारखाच राहतो. चाळिशीत जे मंदावते ते बहुधा आपले चालणे, उठणे आणि जिने चढणे.

‘मनावर घेतले की सगळे जमते’

काही दिवस जमते, हे खरे आहे. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या दूरचित्रवाणीवरील एका स्पर्धेत भाग घेतलेल्या चौदा जणांची सहा वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. स्पर्धेत त्यांनी सरासरी 58 किलो वजन उतरवले होते, आणि सहा वर्षांत 41 किलो परत आले होते. विश्रांतीच्या वेळचा त्यांचा ऊर्जाखर्च त्यांच्या आकारमानाच्या माणसापेक्षा रोज सुमारे 500 कॅलरींनी कमी होता. वजन घटले की शरीर त्याला दुष्काळ समजते, खर्च आवरते आणि भूक वाढवते. मनोनिग्रह दिवसा काम करतो. ही यंत्रणा रात्रंदिवस.

नव्या इंजेक्शनांनी हेच दाखवून दिले. वेगोव्हीतील सेमाग्लुटाइड या औषधाच्या 2021 मधील चाचणीत 68 आठवड्यांत वजन सरासरी 14.9 टक्क्यांनी घटले. खोटे इंजेक्शन पण तोच आहार-व्यायामाचा सल्ला मिळालेल्या गटात 2.4 टक्क्यांनी. औषध जनुके बदलत नाही, ते मेंदूला ‘पुरे’ हा निरोप मोठ्या आवाजात देते. ते थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. ज्यांचे जोते फार खाली आहे, ज्यांच्या गुडघ्यांना, यकृताला, हृदयाला पाणी लागले आहे, त्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे औषध घेण्याची लाज वाटण्याचे काहीही कारण नाही. लग्नापूर्वी पाच किलो उतरवण्यासाठी ते घेणे मात्र मला गैर वाटते.

जनुकांची चाचणी करून आहार ठरवावा का?

लाळेचा नमुना घेऊन ‘तुमच्या जनुकांना साजेसा आहार’ सांगणाऱ्या चाचण्या आता महाराष्ट्रातही विकल्या जातात. त्यांवर पैसे घालवू नयेत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात 609 जणांना वर्षभर कमी चरबीचा किंवा कमी पिष्टाचा आहार देऊन पाहिला गेला आणि 2018 मध्ये निष्कर्ष आला : कोणाला कोणता आहार मानवेल हे जनुकांच्या त्या नमुन्यांवरून सांगता आले नाही. शिवाय या चाचण्यांचे बहुतेक आधार युरोपीय लोकांच्या नोंदींवर उभे आहेत, त्यामुळे आपल्यासाठी त्या आणखीच कमकुवत ठरतात. जोते खाली आहे का हे कळायला आईवडील, मामा, आत्या यांच्याकडे एकदा नीट पाहणे पुरते.

‘आनुवंशिक आहे, मग प्रयत्न कशाला?’

उलट, ज्याचे जोते खाली त्यालाच पाणी ओसरण्याचा फायदा जास्त. दोन लाख अठरा हजार प्रौढांच्या नोंदींवरून 2011 मध्ये असे दिसले की जे शरीराने सक्रिय होते, त्यांच्यात एफटीओमुळे वाढणारा लठ्ठपणाचा धोका 27 टक्क्यांनी कमी होता. 2019 मधील एका प्रयोगात वीस जणांना दोन आठवडे कारखान्यात बनलेले पाकीटबंद अन्न आणि दोन आठवडे ताजे, साधे अन्न, दोन्ही हवे तेवढे खाण्याची मुभा देऊन दिले. दोन्ही ताटांत समोर मांडलेल्या कॅलरी, साखर, चरबी आणि मीठ सारखेच होते. पाकीटबंद अन्नाच्या काळात माणसे रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली आणि त्यांचे वजन 0.9 किलोने वाढले; साध्या अन्नावर तेवढेच उतरले. कोणीही त्यांना ‘कमी खा’ म्हटले नव्हते. म्हणूनच मला उपदेशापेक्षा घरातल्या वस्तूंची जागा बदलणे जास्त उपयोगाचे वाटते.

तेलाचेच पाहा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी रोज जवळजवळ 38 ग्रॅम तेल होते, म्हणजे 340 कॅलरी. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2000 कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात 27 ग्रॅम तेल-तूप धरले आहे. शेजारच्या आईंनी हा हिशेब ऐकून डब्यातून ओतणे बंद केले आणि चमच्याने मोजून घालायला सुरुवात केली; डबा आता साडेपाच आठवडे पुरतो. पोह्यांची कढई त्या टेबलावर आणत नाहीत, बशा ओट्यावरच भरतात. धाकट्याला त्यांनी काहीही सांगितले नाही, आणि नातेवाइकांनाही त्यांनी त्याच्याविषयी बोलणे बंद करायला लावले.

मागच्या रविवारी मी त्यांना आणखी एक साधी तपासणी दाखवली. आपल्या उंचीइतका दोरा कापून घ्यायचा, तो मधोमध दुमडून दुहेरी करायचा आणि श्वास सहज सोडून बेंबीच्या पातळीवर कमरेभोवती धरायचा. टोके एकमेकांना भिडली तर पोटावरची चरबी आटोक्यात आहे; भिडली नाहीत तर ती जास्त आहे, मग वजनकाटा काहीही सांगो. धाकट्याची टोके भिडणार नाहीत हे सगळ्यांना माहीतच होते. त्याचे झाल्यावर दोरा थोरल्याच्या उंचीला कापला. बारीक दंड, बारीक पाय, चेहरा ओढलेला. त्याने हसत दोरा कमरेभोवती धरला, आणि टोके तीन बोटे लांब राहिली. सोमवारी सकाळी उपाशीपोटी तो रक्तातली साखर तपासायला गेला.